सतरा नावं आणि एक स्टीलचा डबा: एका मंडळीच्या स्मरणविधीचं प्रकरण

हे प्रकरण अहमदनगर जिल्ह्यातल्या (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर) एका तालुक्याच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीचं आहे. कुटुंबांना विचारून लिहिलं आहे. नावं दिलेली नाहीत, आणि माणूस ओळखू येईल असे काही तपशील बदलले आहेत. त्या मंडळीचा तेव्हाचा पाळक मी.

पार्श्वभूमी

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये नगरला आले. आमची मंडळी त्याच झाडाची एक फांदी. १९७० पासून आम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चमध्ये आहोत. साधारण एकशेचाळीस घरं. दगडी मंदिर (म्हणजे चर्चची इमारत) गावात आणि दफनभूमी गावाबाहेर ओढ्याच्या कडेला.

आमच्याकडे मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत, त्यांची आठवण करून देवाचे उपकार मानतात. माणूस गेल्यावर महिन्याने घरी प्रार्थना होते, मग वरसाची होते. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं पद, शास्त्रपाठ, पाळकाचे चार शब्द आणि जेवण. हिंदू-बौद्ध नातेवाईकही येतात, पंगतीला बसतात. आणि ईस्टरला पहाटे साडेचारला सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जाते. त्या आठवड्यात तरुण संघाची मुलं गवत काढतात, कबरींना चुना मारतात. आमची स्मरणाची सगळी व्यवस्था एवढीच. शंभर वर्षं ती पुरली.

२०२१ चा ईस्टर ४ एप्रिलला होता. मोजकीच माणसं, तोंडाला मास्क. दुसऱ्या दिवशी रात्रीपासून राज्यातली प्रार्थनास्थळं बंद झाली आणि त्याच आठवड्यात आमच्यातलं पहिलं माणूस गेलं. जूनच्या मध्यापर्यंत मंडळीच्या रजिस्टरवरची अकरा नावं गेली होती.

त्यातल्या चौघांचं दफन झालं. सात जणांना अमरधाममध्ये अग्नी दिला गेला. असं का झालं, याचं एकच एक कारण नाही. घरातले सगळे पॉझिटिव्ह, त्यामुळे दवाखान्यातून गाडी परस्पर गेली. खड्डा खणायला माणूस मिळेना. आणि एक समज पक्का बसला होता की कोविडचं प्रेत, मग ते कुणाचंही असो, जाळावंच लागतं. त्या समजाचं मूळ मला नंतर सापडलं. मुंबईत ३० मार्च २०२० ला महापालिकेने तसं परिपत्रक काढलं होतं आणि काही तासांत मागे घेतलं होतं. काढल्याची बातमी आमच्या गावापर्यंत पोचली, मागे घेतल्याची वर्षभरानंतरही पोचली नव्हती.

मी कुठे होतो? चार दफनांपैकी दोन मी केली. १९ एप्रिलला मी आणि माझी बायको दोघंही पॉझिटिव्ह निघालो. मेच्या पहिल्या आठवड्यात मी बरा झालो. त्यानंतर तीन माणसं गेली, आणि मी घराबाहेर पडलो नाही. फोनवर प्रार्थना केली. कारण विचारणाऱ्याला अशक्तपणा सांगितला. खरं कारण भीती होतं.

अडचण

जूनच्या शेवटी आम्ही मोबाइलवर ऑनलाइन स्मरणसभा घेतली. चाळीसेक फोन जोडले गेले. मी थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातला चौथा अध्याय घेतला: झोपी गेलेल्यांविषयी तुम्ही आशा नसलेल्या लोकांसारखा खेद करू नये, हा भाग. पस्तीस मिनिटं बोललो. तयारी चांगली होती, असं तेव्हा वाटलं होतं.

आशीर्वाद झाल्यावर एका घरच्या मुलाने माइक चालू केला. त्याचे वडील एप्रिलमध्ये गेले होते. तो पुण्यात अडकला होता, त्याला पोचताच आलं नव्हतं. तो म्हणाला, "पाळकसाहेब, खेद करू नका म्हणता. आम्ही तो केलाय कुठे अजून?" आणि तो सभेतून निघून गेला.

त्या दिवशी मला राग आला. त्याचा नव्हे, हे कळायला दोन-तीन आठवडे लागले.

७ ऑक्टोबरला मंदिरं उघडली. १० तारखेच्या रविवारी आम्ही सहा महिन्यांनी एकत्र बसलो. प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे सगळे मिळून म्हणतात ती विश्वासाची कबुली, म्हणताना पाळकाचं तोंड मंडळीकडे असतं, त्यामुळे सगळ्यांचे ओठ दिसतात. तिसऱ्या बाकावर खिडकीपाशी बाई उभ्या होत्या. अडतीस वर्षं चौथीचा वर्ग शिकवलेल्या बाई. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी पाढे शिकवले आहेत. त्या स्पष्ट, शाळेतल्या आवाजात म्हणत होत्या. "शरीराचे पुनरुत्थान" आलं आणि ओठ मिटले. पुढची ओळ आल्यावर पुन्हा सुरू. पुढच्या रविवारीही तसंच.

मी घरी गेलो. चहा झाला. मी काही विचारण्याआधीच त्यांनी गोदरेजच्या कपाटावरून तीन लिटरचा, कडी असलेला स्टीलचा डबा काढला. पापडाचा असावा. आत लाल फडक्याचं गाठोडं होतं आणि गाठीला अमरधामचा नंबर लिहिलेला पुठ्ठ्याचा तुकडा अजून बांधलेला होता.

"साहेब, यांना ठेवू कुठे? जाऊबाई म्हणतात प्रवरासंगमाला सोडा. मला ते जमत नाही. आणि आपल्यात राख पुरायची रीत नाही म्हणतात. बरं, जळलेल्या शरीराचं उठायचं कसं, ते तुम्ही मला एकदा समजावून सांगा. मग मी ती ओळ म्हणेन."

त्यांचा नवरा आमचा पेटीवाला. चाळीस वर्षं त्यांनी मंदिरात पायपेटी वाजवली.

मग मी उरलेल्या सहा घरांत विचारलं. तिघांनी रक्षा प्रवरासंगमाला गोदावरीत सोडली होती, एकाला मिळालीच नव्हती, आणि आणखी दोन घरांत ती बाईंच्यासारखीच कुठे माळ्यावर, कुठे ट्रंकेत ठेवलेली होती. सहा महिने याबद्दल कुणी कुणाशी बोललं नव्हतं. लाज वाटत होती, असं एका सुनेने सांगितलं.

समोरचे पर्याय

ऑक्टोबरच्या शेवटी पास्टरेट कमिटी, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारी समिती, बसली. नऊ जण.

खजिनदारांचं मत होतं की काहीच करू नये. ज्याने त्याने घरी वरसाची प्रार्थना ठेवावी, पाळकाने जावं. खपली धरायला लागली आहे, ती काढू नका. हे मत मला तेव्हा भित्रेपणाचं वाटलं. आता तसं वाटत नाही. ज्या घरांचं दफन रीतसर झालं होतं, त्यांच्यासाठी ते बरोबरच होतं.

दुसरा विचार संगमरवरी पाटीचा. मंदिराच्या भिंतीवर मिशनकाळातल्या साहेबलोकांच्या पाट्या आहेत, तशी अकरा नावांची एक. मुंबईत स्थायिक झालेले एक गृहस्थ सगळा खर्च द्यायला तयार होते. अकरातलं एक नाव त्यांच्या आईचं. पण एका घराने आजार कोविडचा होता हे बाहेर सांगितलेलंच नव्हतं. शिवाय पाटी म्हटली की अक्षराची उंची, नावांचा क्रम, खाली देणगीदाराचं नाव हे सगळं आलंच. यावर दीड तास गेला. मंडळीत दगडाचा विषय निघाला की असंच होतं.

तिसरा, नावं घेऊन एकत्र स्मरणविधी. मी २ नोव्हेंबर, सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस, सुचवला. सगळ्यात ज्येष्ठ वडील (म्हणजे मंडळीतले एल्डर) लगेच म्हणाले, "तो कॅथलिकांचा दिवस. आपण मेलेल्यांसाठी मागत नाही." त्यांचं म्हणणं तत्त्वाला धरून होतं. मग मला जर्मनीतल्या ल्यूथरन मंडळ्यांची रीत आठवली. आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या) आधीच्या शेवटच्या रविवारी ते वर्षभरात गेलेल्यांची नावं उपासनेत वाचतात. प्रशियाच्या राजाने १८१६ मध्ये तो दिवस ठरवून दिला. तिथे मृतांसाठी मागणं नाही, त्यांची आठवण आहे. २०२१ मध्ये तो रविवार २१ नोव्हेंबरला येत होता. वडील म्हणाले, मग हरकत नाही.

चौथा प्रश्न राखेचा, आणि तो सगळ्यांत अवघड गेला. आमच्या दफनभूमीच्या नियमांत राखेचा उल्लेखच नाही. शेजारच्या गावातल्या कॅथलिक फादरांना मी फोन केला. त्यांच्याकडे १९६३ पासून दहनाला मुभा आहे. २०१६ च्या सूचनेप्रमाणे राख उधळायची नाही, नेहमीसाठी घरात ठेवायची नाही, पवित्र जागी ठेवायची. आमच्याकडे मनाईही नाही आणि रीतही नाही.

कमिटीपुढे मी दोन जुन्या गोष्टी ठेवल्या. दुसऱ्या शतकात स्मुर्णा (आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर) इथे वृद्ध बिशप पोलिकार्पला जाळलं. मंडळीने त्याची हाडं गोळा केली, योग्य जागी ठेवली आणि दर वर्षी त्या दिवशी तिथे जमायचं ठरवलं. हुतात्म्याचा स्मरणदिन पाळण्याची जी सर्वांत जुनी नोंद आपल्याकडे आहे, ती अशी एका जळलेल्या माणसाची आहे. दुसरी गोष्ट गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) ल्यों शहराची, १७७ सालची. तिथल्या छळकर्त्यांनी ख्रिस्ती लोकांची प्रेतं जाळून राख मुद्दाम ऱ्होन नदीत लोटली. कारण उघड सांगितलं: यांना उठण्याची आशाही उरू नये. तिथल्या मंडळीने याबद्दल लिहिलेलं पत्र युसेबियस या जुन्या चर्च-इतिहासकाराने आपल्या इतिहासात उतरवून ठेवलं आहे. ज्या मंडळीची माणसं राख होऊन नदीत गेली, तिनेच हे लिहून दूरच्या मंडळ्यांना पाठवलं. शरीराचं पुनरुत्थान तिने सोडलं नाही.

खोली शांत होती. ज्येष्ठ वडिलांनी विचारलं, "खड्डा किती खोल लागेल?"

काय केलं

आधी यादी. मंडळीच्या रजिस्टरवरची अकरा नावं होतीच. एक तरुण दोन वर्षांपूर्वी भांडून दुसऱ्या ख्रिस्ती संगतीत गेला होता. त्याची आई मात्र आमच्यातच. त्याचं नाव घेतलं. एका बहिणीचा नवरा हिंदू होता, ऑक्सिजन न मिळता गेला. तिने विचारलं, "यांचं घ्याल का?" तेही घेतलं, पण मग "प्रभुवासी झालेले" हा शब्द चालेना. आम्ही "गेल्या वर्षभरात आपल्यातून गेलेले" असं लिहिलं. आजार लपवलेल्या घरासाठी कोविड हा शब्दच काढला, आणि तो काढल्यावर इतर कारणांनी गेलेले चौघेही यादीत आले. सतरा नावं झाली.

मग मी सतराही घरी गेलो. प्रत्येकाकडे एकच वाक्य मागितलं, जे नावानंतर वाचलं जाईल. अट अशी की गुण सांगायचे नाहीत. "प्रेमळ होते, सेवाभावी होते" नको. ते काय करायचे ते सांगा. हे लोकांना फार जड गेलं. बाईंनी मात्र एका मिनिटात सांगितलं: "पेटीचा भाता फाटला तेव्हा त्यांनी सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं, ते अजून टिकून आहे." दुसऱ्या घरातून आलं: "ती मेथी निवडताना अल्टोचा सूर लावून गायची." आणखी एका घरातून: "त्यांनी मला स्कूटर शिकवली आणि स्वतः पडले."

२१ नोव्हेंबरला उपदेश ठेवला नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र पूर्ण वाचलं. दुःखाची बाकीची स्तोत्रं बहुतेक शेवटी कुठेतरी उजेडाकडे वळतात; हे वळत नाही, अंधारातच संपतं. वाचल्यावर चार मिनिटं शांत बसायचं ठरलं होतं. आमच्या लोकांना शांततेची सवय नाही. दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी खोकलं, तिसऱ्याला मागच्या बाकावरून हुंदका आला आणि मग तो थांबला नाही.

त्यानंतर मी उभा राहिलो. केंद्राच्या १५ मार्च २०२० च्या सूचना मी ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा वाचल्या होत्या. त्यांत दफन आणि दहन दोन्हींना परवानगी होती, आणि प्रेताला हात न लावता शास्त्रवाचन करायलाही होती. म्हणजे अमरधामच्या फाटकाजवळ दूर उभं राहून मी तेविसावं स्तोत्र वाचू शकलो असतो. ते मी मंडळीला सांगितलं. बरा झाल्यावरही भीतीने आलो नाही, हेही सांगितलं. कमिटीतल्या दोघांनी मला आदल्या दिवशी हे बोलू नका म्हणून विनवलं होतं.

मग नावं. वेदीपुढे दफनभूमीतल्या मातीचं घमेलं आणि रिकामं मडकं ठेवलं होतं. आमच्यात कबरीवर प्रत्येक जण मूठभर माती टाकतो. त्या सात घरांना ती टाकायलाच मिळाली नव्हती. नाव, वाक्य, मग घरचा माणूस पुढे येऊन मडक्यात मूठ सोडणार. पहिल्या चौघांनी अगदी अलगद टाकली. पाचवी एक म्हातारी आत्या होती; तिने दोन्ही ओंजळी भरून टाकली आणि हात न झटकता तशीच जागेवर जाऊन बसली. त्यानंतर सगळ्यांनी तसंच केलं. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला हात पुढे आले ते मातीचेच. सॅनिटायझरची बाटली घेऊन उभ्या असलेल्या मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच नको म्हटलं. नियमाला धरून नव्हतं ते.

एक चूक झाली. टाइप केलेल्या यादीतून एक्क्याण्णव वर्षांच्या आजीचं नाव गळलं. आजी म्हातारपणाने गेलेली. तिच्या मुलाने बाहेर मला गाठून विचारलं, "कोविडने गेली नाही म्हणून का?" पुढच्या रविवारी आम्ही नाव घेतलं, माती ठेवली. तो आला नाही.

राख पुरली १७ एप्रिल २०२२ ला, ईस्टरच्या पहाटे, पूर्वेच्या भिंतीजवळ तीन फूट खड्ड्यात. नोव्हेंबरमधलं मातीचं मडकंही त्यातच रिकामं केलं. तीन घरांनी रक्षा आणली. ज्यांना ती मिळालीच नव्हती, त्यांनी वडिलांचा चष्मा आणला. गोदावरीत सोडलेल्यांपैकी एकच कुटुंब आलं आणि बाजूला उभं राहिलं. ज्येष्ठ वडिलांनी, मी न सांगता, प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातलं ते वचन वाचलं: समुद्राने आपल्यातली मृत माणसं परत दिली.

बाईंनी गाठोडं स्वतः सोडलं आणि हाताने रिकामं केलं. डबा नळाखाली विसळला, पदराने पुसला. मी म्हटलं, राहू द्या इथे. "डबा चांगला आहे, टाकू कशाला?" म्हणाल्या आणि घेऊन गेल्या.

निष्पत्ती

आगमनकाळाच्या आधीच्या रविवारी नावं घेण्याची रीत मंडळीत पडली. घमेलं-मडकंही चालू राहिलं. दफनभूमीच्या नियमांत राखेचं कलम घातलं गेलं, आणि पुढच्या वर्षी कोविडशी काही संबंध नसलेल्या एका घराने ते वापरलं.

दोन कुटुंबं मंडळी सोडून गेली. त्यांतल्या एकाने स्पष्ट सांगितलं की जो पाळक घाबरलो असं वेदीपुढून सांगतो, त्याच्याकडून आम्ही काय घ्यायचं? पाटीचे देणगीदार नाराज झाले ते झालेच. ऑनलाइन सभेतून निघून गेलेला मुलगा मंदिरात येत नाही. ईस्टरच्या पहाटे तो दफनभूमीच्या फाटकाशी मोटारसायकल लावून उभा होता. मी चहाला बोलावलं, आला. दफनभूमीचं कुंपण कुठे तुटलंय, यावर आम्ही अर्धा तास बोललो.

बाई ती ओळ म्हणतात की नाही, मला माहीत नाही. मतांगीकारात तिथे आलं की मी आता पुस्तकात पाहतो.

पुन्हा करायचं झालं तर

जूनमध्ये मी उपदेशच करणार नाही. सतरा घरी नोव्हेंबरमध्ये गेलो तसा जूनमध्ये फोन करेन आणि काय झालं ते ऐकून घेईन. प्रेषित पौलाने खेद न करण्याचं ते वचन लिहिलं तेव्हा थेस्सलनीकाची माणसं रडून घेत होती; मी ते न रडलेल्यांना वाचून दाखवलं.

सरकारी आदेश वाचण्याचं काम कमिटीतल्या एकाला नेमून द्यायला हवं होतं. आमच्यात दोन निवृत्त कारकून आहेत. दोघंही ते आनंदाने करते.

राख नोव्हेंबरमध्येच पुरायला हवी होती. बाईंची तशीच इच्छा होती. ईस्टरपर्यंत थांबवलं ते मी, कारण मला त्या पहाटेचा अर्थ जुळवायचा होता. डबा आणखी पाच महिने कपाटावर राहिला.

कबुलीबद्दल माझं मन अजून ठरलेलं नाही. ज्या तीन घरांत मी भीतीने गेलो नाही, तिथे आधी जाऊन सांगायचं आणि मग मंडळीपुढे, हा क्रम बरा झाला असता. सगळ्यांसमोर एकदम ऐकल्यावर त्या घरांना मला माफ करण्यावाचून दुसरं काही करता येईना.

दफनाच्या रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना "विधी चालविणारा" असा असतो. सात नावांपुढे तो रिकामा होता. चिटणीसांनी २१ नोव्हेंबर तारीख घालून माझी सही मागितली, म्हणजे नोंद पुरी होईल. मी केली नाही. त्यांनी तिथे शिसपेन्सिलीने बारीक फुली केली आहे, पुढचा पाळक आला की त्याला विचारू म्हणून.